धोतराच्या चिंध्या

मे महिन्यात भर दुपारी नागपुरात कोणी बंदूक दाखवायला येत नाही. काका आले, तेही दुसऱ्यांदा. मालगुजारीच्या काळापासून घरात असलेली त्यांची ठासणीची रायफल मी महिनाभरापूर्वी पाहिली होती. नळीत बारीक दिवा सोडला, तळाशी गंजाचे डाग दिसले, आणि "काका, नळी गेली," म्हणून मोकळा झालो. बावीस वर्षं बंदुका दुरुस्त करणाऱ्यानं इतकी घाई करायला नको होती.

"भाऊ, गोळी कुठंच्या कुठं जाऊन राहिली," म्हणत त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आत गोळीभोवती गुंडाळायच्या कापडाचे तुकडे होते, बार झाल्यावर रेंजवरून वेचून आणलेले. एकही तुकडा धड नव्हता, सगळ्या चिंध्या. "माझ्याच धोतराचं कापड हाये."

चिंध्या पाहिल्या आणि माझं मलाच वाईट वाटलं. गोळी आट्यांत, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांत, नीट बसून फिरत गेली, तर कापड काळवंडतं, पण शाबूत राहतं. हे तर कुणी दातांनी फाडल्यासारखं होतं.

आधी गज आत घालून तोंडाशी खूण केली आणि बाहेरून नळीला लावून पाहिला. जुन्या ठासणीच्या बंदुकीत आजोबांनी भरलेला बार तसाच राहिलेला असू शकतो, म्हणून हे कधी चुकवायचं नाही. नळी रिकामी होती. मग मुठीत मोकळा फिरणारा गज घेतला, टोकाला घट्ट कापड लावलं, वर खडूची रेघ मारली आणि हळूच ओढला. 10 इंचांत रेघ अर्धी फिरली. म्हणजे 20 इंचांत एक पूर्ण वेढा.

एवढा पीळ गोल गोळीसाठी कोणी देत नाही. 1853 च्या एन्फील्ड रायफलमध्ये एक वेढा 78 इंचांत आहे. 20 इंचांचा पीळ व्हिटवर्थ रायफलचा, तिच्या नळीचा आतला व्यास .451 इंच आणि गोळी लांबट, 530 ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं बारीक माप). काकांची नळीही .45 च्या आसपासचीच, आणि ते भरत होते जेमतेम 128 ग्रेनची गोल गोळी, वर 80 ग्रेन काळी दारू! धक्का एवढा, की गोळी पिळाबरोबर वळण्याऐवजी आटे ओलांडून सरळ निघत होती आणि कापडाचा भुगा होत होता.

किती पिळाला किती लांब गोळी चालते हे सांगणारं ग्रीनहिलचं 1879 चं सूत्र मांडून पाहिलं: या पिळात शिशाची सुमारे दीड इंच लांबीपर्यंतची गोळी स्थिर राहायला हवी. तसा साचा काकांकडे नव्हता. तोवर गोल गोळीलाच सांभाळून घ्यायचं होतं.

कागदपत्रं आणि रेंजची परवानगी यांत आठवडा गेला. त्या दिवशी पहिला बार मी बंदूक वाळूच्या पोत्यांत बांधून, दोरीनं चाप ओढून काढला. धोतराऐवजी जाड मांजरपाट घेतला, दारू मात्र 80 ग्रेनच ठेवली. दोन्ही एकदम बदलले असते, तर गुण कशानं आला हे कळलं नसतं. मांजरपाटही फाटला. मग दारू 40 वर आणली. धूर विरल्यावर काका वाकले आणि गवतातून तुकडा उचलला: गोल, काळा, कडेला जरासा उसवलेला.

"हे पाय, भाऊ!" सत्तरीचा माणूस पोरासारखा ओरडला.

50 मीटरवर पुढच्या सहा गोळ्या तळहाताएवढ्या जागेत गेल्या. लांब गोळीनं याहून चांगलं जमेल असं मला वाटतं, पण साचा अजून आलेला नाही. गंजाचे डाग मात्र आहेत तिथंच आहेत, आणि ते पुसून काढू का असं काकांनी विचारलं, तेव्हा मी नळीला हात लावायला साफ नकार दिला.