कोथिंबीर, नावे ४०

मार्गशीर्ष, दुसरा गुरुवार. रात्र.

वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय, कोथिंबीर ४०. कालची तारीख. आणि काल मी कोथिंबीर आणलेलीच नाही. काल मी कोल्हापुरात खासबागेत भेळ खाल्ली. एकटीनं, उभ्याउभ्या, खांद्यावरची पिशवीसुद्धा न उतरवता. मग घरी आले, मनूचे पाढे घेतले, भाकरी टाकल्या, जेवणं झाल्यावर वही काढली आणि हातानं आपलं आपण लिहून टाकलं. क्षणभर थांबले असते, विचार केला असता, तर वेगळं. पेन थांबलंच नाही. आज बेरीज करायला बसले तेव्हा दिसलं.

बरं, लिहून लिहून काय, तर चाळीसची कोथिंबीर. ऐन मार्गशीर्षात! कपिलतीर्थ मंडईत आज दहाला दोन पेंड्या घ्या म्हणून बायका मागे लागत होत्या. चाळीस रुपयांत या दिवसांत अख्ख्या वाड्यात वाटून उरेल एवढी येते. खोटं लिहायचं तर भाव बघून लिहावं, एवढी अक्कल एके काळी होती मला.

पण लिहिलं कुणासाठी? संध्याकाळपासून तेच चाललंय डोक्यात. वही माझी, पैसे माझे, पगारातले. मनूला अजून जोडाक्षरं नीट वाचता येत नाहीत. खालच्या आऊ वर कधी येत नाहीत, त्यांचे गुडघे धरलेत. मग ही कोथिंबीर कुणाला दाखवायला?

मागची पानं चाळली आणि चाळायला नको होती असं झालं. रिक्षा, गॅस, मनूचे बूट, शाळेची सहल, औषध, सगळं जसंच्या तसं. छत्रीसुद्धा. पण मीठ आम्ही भलतंच खाल्लेलं दिसतंय गेल्या महिन्यात. एक मीठ म्हणजे स्टँडवरचा चहा आणि क्रीमरोल, तो मला आठवतो. दुसरं मीठ म्हणजे अबोलीचा गजरा, तो मी केसांत न घालता पर्समध्ये ठेवला होता. 'पेन्सिली १५' म्हणजे काय ते आठवेना. काहीतरी असंच असणार, मला आवडलेलं.

म्हणजे लागतं ते खरं लिहिते आणि आवडलं ते लपवते. हे मला कुणी शिकवलं ते सांगायला नको. पण शिकवणारा सव्वादोनशे किलोमीटर लांब, पुण्याला राहिला तरी शाळा चालूच आहे, याचा राग येतोय. रागही नाही. लाज? काय म्हणावं ते कळत नाही.

तिथे रात्री नऊच्या बातम्या संपल्या की वही मांडायची. सकाळी मोजून दिलेले पैसे, संध्याकाळी मोजून परत आलेली चिल्लर. 'सात रुपये कुठं गेले?' आवाज चढवून नाही हं. आवाज चढवला असता तर शेजारच्या वहिनींना निदान कळलं असतं. अगदी सावकाश, पेनाचं टोपण काढून-घालून. आठवतच नसायचं मला, सात रुपये कुठे गेले ते. आणि मग हिशेब चुकला की.

असो.

आज आऊंकडे गुरुवारची पूजा होती. सवाष्णींना संध्याकाळी बोलावलं होतं. मी मुद्दाम उशिरा आले मार्केट यार्डातून, कामावरून. तर आऊ जिन्याखाली कुंकवाची कुयरी घेऊन उभ्याच. 'मी काय वर येत नाही बघ, गुडघं दुखत्यात. तूच वाक जरा.' वाकले. केळं आणि पोथी हातात दिली आणि म्हणाल्या, 'जातो गं, आमटी ठेवलीया गॅसवर.' काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. इथल्या बायका स्वतःला जातो-येतो म्हणतात, पहिल्यांदा हसू यायचं. कपाळावरचं ते कुंकू मी अजून पुसलेलं नाही. ठेवावं की पुसावं, त्यावर आज नको.

दिवसभर मी दुसऱ्यांचे हिशेब लिहिते, हीच तर गंमत आहे. गुळाचा सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशेबाचा कागद, करायची. रवे किती, वजन किती, क्विंटलला काय दर लागला, हमाली वजा, तोलाई वजा, निव्वळ इतके. संगणकावर असतं सगळं, पण दिवाणजी काकांना ते पटत नाही. ते नोकरीतून सुटले तरी रोज येऊन लाल बासनातली कीर्दीची वही उघडून बसतात. पाडव्याला मुहूर्ताचा सौदा झाला तेव्हा त्यांनी पहिली ओळ मला लिहायला लावली. सगळे गुळाच्या रव्याला हळदकुंकू वाहत होते आणि मी हातात बोरू दिल्यासारखी थरथरत होते. पाडव्याला मी दुसरं काय करायचे दरवर्षी, ताटात निरांजन घेऊन, ते तेव्हा नेमकं आठवलं. तेही राहू दे.

तर काकांचे दोन नियम. एक, खाडाखोड करायची नाही. चुकलं तर चुकलेलं तसंच ठेवायचं आणि खाली उलटी नोंद घालायची. दुसरा, कुठलाही पैसा बेवारशी ठेवायचा नाही, त्याला खातं द्यायचं. आमच्या मालकांच्या, आण्णांच्या पेढीत 'चहापाणी' असं आख्खं खातं आहे. रोज शंभर-दोनशे तिथे नावे, म्हणजे खर्ची, पडतात आणि वर्षानुवर्षं कुणी विचारलेलं नाही की चहा कुणी प्याला, बरोबर भजी होती का. मी आज ते खातं उघडून बघत बसले होते. किती सुखी माणसं! चहापाणी. एका शब्दात मिटलं.

माझ्या भेळेला खातं नाही. घरखर्च? घरी आणलीच नव्हती. मनूला ठेवली नव्हती, हेही टोचतंय. तिला तिखट चालत नाही हे खरं, पण ते मला नंतर सुचलं, खाताना नव्हतं सुचलं. खाताना मला कुणीच आठवलं नाही. बहुतेक त्याच चार-पाच मिनिटांचे हे चाळीस रुपये लपवले मी. भेळवाल्यानं 'तिखट की मध्यम' विचारलं तर मी मध्यम म्हणाले. मध्यम मला कधीच आवडत नव्हती. आमच्या घरात मध्यम खायचे. आमच्या म्हणजे तिथल्या.

रडायला आलं होतं मघाशी. वही मिटून ठेवली, चेहरा धुतला, मनूच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग वाटलं, थांब, या कोथिंबिरीला इतकं वाईटही बोलू नये.

कारण तिनंच मला बाहेर काढलं. कांदा-टोमॅटोच्या भावात हात मारता येत नाही, तो टीव्हीवर सांगतात. दूध, गॅस, छापील किंमत. तेलाच्या पिशवीवर तर ठळकच. पण कोथिंबीर! पावसाची एक सर आली की जुडी पन्नासवर, उघडीप पडली की पाचावर, सकाळी एक भाव आणि संध्याकाळी वेगळा. जगातला कुठलाही नवरा छातीठोकपणे सांगू शकत नाही की काल कोथिंबीर अमुकलाच होती. मी दहाची आणून वीस लिहायचे. पावसाळ्यात पंधराची आणून चाळीस. चाळीसच्या वर कधी गेले नाही, तिथे त्यानं भाजीवालीला विचारायला सुरुवात केली असती. तो चाळीसचा आकडा तिथून आलाय. हात शिकलेला आहे, त्याला कोण सांगणार की गाव बदललं.

वरचे पैसे पॅडच्या पाकिटात. त्या पाकिटाला तो हात लावत नसे, विटाळ व्हायचा त्याला. देव त्याचं भलं करो.

आणि मग १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. बातमी लागली तेव्हा तो म्हणाला, 'घ्या, आता सगळ्या मोकळ्या भटकायला.' मी मागे ओट्यापाशी भांडी पालथी घालत होते. तोंडानं हूं म्हटलं आणि मनात ताळा केला. पुरत होते! स्वारगेटवर कंडक्टरकडे दोन अर्धी मागितली, एक मनूचं वयाचं, एक माझं बाईपणाचं. दोघी मिळून एक आख्खं तिकीट. लोक म्हणतात सरकार काही करत नाही. माझ्या पळून जाण्यावर त्यांनी पन्नास टक्के सवलत दिली.

माहेरी का नाही उतरले, कऱ्हाडला गाडी थांबली होती, तो विषय आज नाही. आईचा फोन येतो अधूनमधून. पाटल्यांचंही पुन्हा कधीतरी.

संरक्षण अधिकारी मॅडमनी तो घरातल्या छळाचा अहवाल भरून घेतला होता ते आठवतंय. लांबलचक कागद, शारीरिक, लैंगिक, शाब्दिक आणि मानसिक, आर्थिक, आणि प्रत्येकाखाली बारीक बारीक चौकटी. पहिल्यांत मी खुणा केल्या. काही करताना हात अडला, त्यांनी पाणी दिलं. आर्थिक आलं तेव्हा मी पटकन म्हणाले, ते नाही, पैसे द्यायचा तो रोज. मॅडम मान वर न करता म्हणाल्या, 'आणि?' म्हटलं, 'हिशेब मागायचा.' 'पगार होता ना तुमचा लग्नाआधी?' होता. 'नोकरी का सोडली?' त्याला आवडत नव्हतं. 'अंगावरचं सोनं?' मी गप्प. त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं नाही, नुसतं त्या चौकटींवर बोट ठेवत गेल्या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात हे लिहिलेलं आहे म्हणाल्या, मारणं तेवढंच नाही. माझं लग्न त्यानंतरचं. म्हणजे मी मांडवात उभी होते तेव्हा कायदा झालेला होता, फक्त आमच्यात कुणाला माहीत नव्हता. भटजींना तर नव्हताच.

त्या कायद्याखालचा अर्ज कोल्हापुरातच करता येतो, तात्पुरती राहात असले तरी, हे कळलं तेव्हा मला जो हुरूप आला त्याचं कारण न्याय वगैरे नव्हतं. पुण्याला जावं लागणार नव्हतं, एवढंच होतं.

ही वहीसुद्धा वकीलबाईंनीच घालायला लावली. खर्चाचं लिहून ठेवा, भाडं, किराणा, दवाखाना, येणंजाणं, सगळं शपथपत्रात द्यावं लागेल. म्हणजे माझी वही कुणी वाचणार नाही असं मघाशी जे लिहिलं ते तितकंसं खरं नाही. कोर्ट वाचणार. मग मी कोर्टापासून भेळ लपवली का? पोटगी मागणारी बाई संध्याकाळी खासबागेत भेळ खाते, हे वाचून साहेब काय म्हणतील? गजरा! क्रीमरोल! समोरचा वकील उठून मोठ्यानं वाचून दाखवील तिखट की मध्यम ते.

परवा फोनवर मी त्यांना चाचरत विचारलं, बाहेर काही खाल्लेलं लिहायचं का. त्यांना वाटलं मी हॉटेलचं विचारतेय. म्हणाल्या, 'लिहा की. माणूस आहात, हवेवर जगता असं शपथेवर सांगितलं तर तेच खोटं ठरेल.' आणि लगेच दुसऱ्या फोनवर बोलायला लागल्या. त्यांना मी एकटीच थोडी आहे.

तर आता काकांच्या नियमाप्रमाणे कालची ओळ तशीच ठेवली आहे. खाली आजच्या तारखेला, कोथिंबीर जमा ४०. भेळ नावे ४०. मिठाचीही फिरवली, पेन्सिलींची मात्र राहिली, ते काय होतं आठवलं की बघू. चार ओळींत हात दुखला, लेखी काम रोजचं असून.

खातं घालताना अडले पुन्हा. शेवटी चहापाणी लिहिलं. आण्णांचंच ढापलं. महिन्याला किती घालावेत त्याच्यात ते ठरत नाहीये, शंभर लिहिले, मग दीडशे केले, खाडाखोड झालीच.

हे सगळं मांडताना वकीलबाईंचं पहिल्या भेटीतलं एक वाक्य आठवलं आणि एकटीच हसले, मनू जागी होईल म्हणून पदर तोंडाला लावून. शपथपत्र फक्त मागणाऱ्यानं द्यायचं नसतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ठरवून दिलंय, दोघांनीही द्यायचं. मिळकत, बँकेतलं, कर्ज, देणी, महिन्याचा खर्च, कलमवार, सहीनिशी. म्हणजे पुण्यात सध्या तोही रात्री बातम्या संपल्यावर वही घेऊन बसत असणार आणि सात रुपये कुठे गेले ते आठवत असणार. पुढच्या तारखेला त्याचं दाखल होईल, प्रत आपल्याला मिळते म्हणाल्या. भाजी आता त्याची त्यालाच आणावी लागत असेल. मला त्यातलं बाकी काही वाचायचं नाही, फक्त कोथिंबीर कितीला लावतोय तेवढं बघायचंय.