कोच गेले, पेपर राहिला

५ डिसेंबर २०२३, मंगळवार. सकाळी सहा चाळीसला फोनवर एका ओळीचा मेसेज आला: सात वाजता टीम मीटिंग, सर्वांनी यावं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात इतक्या सकाळी मीटिंग कधीच नसते. गाडीवरचा बर्फ खरवडतानाच मला कळलं, आमच्या विद्यापीठाच्या फुटबॉल टीमचे कोच दुसरीकडे चालले.

पोरांना ते आदल्या रात्रीच कळलं होतं. विमानांचा माग दाखवणारी ॲप्स असतात. सोमवारी रात्री आमच्या लहानशा विमानतळावर एक खाजगी जेट उतरलं आणि ते कोणत्या विद्यापीठाच्या देणगीदाराचं आहे हे चाहत्यांनी तासाभरात शोधून काढलं. एकशेदहा पोरं रात्री दोनपर्यंत त्या विमानाचा ठिपका बघत जागी होती. कोचनी मात्र शनिवारीच पत्रकारांसमोर सांगितलं होतं, मी इथे सुखात आहे.

मी अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात फुटबॉल टीमची ॲकॅडमिक ॲडव्हायझर आहे. फुटबॉल म्हणजे इकडचा, हेल्मेट घालून खेळतात तो. मी मूळची कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी तालमींची, आपल्याकडच्या फुटबॉलची मॅच असली की आमच्या पेठेत दुपारची जेवणं उरकून घेत, तेव्हा टीमवर जीव टाकणारी माणसं मला नवी नव्हती. माझं काम शिकवण्याचं नाही. पोरगा शनिवारी मैदानात उतरायला पात्र आहे का, आणि चार-पाच वर्षांनी हातात पदवी घेऊन बाहेर पडेल का, हे पास झालेल्या विषयांच्या क्रेडिटच्या हिशेबानं सांभाळायचं. बाहेरच्यांना वाटतं खेळाडूंना पास करून टाकतात. त्यांनी एकदा माझ्या टेबलाशी बसून तो हिशेब बघावा.

मीटिंग आठ मिनिटं चालली. कोच रोजच्या ट्रॅकसूटमध्ये नव्हते, कोट घालून आले होते. आयुष्यातला सर्वांत कठीण निर्णय, कुटुंबाचा विचार, तुम्ही कायम माझी मुलं राहाल, अशी चार-पाच वाक्यं झाली. प्रश्न घेतले नाहीत. मी शेवटच्या रांगेत होते. माझ्यापुढे बसलेल्या तीनशे पौंडी पोरानं हुडी डोळ्यांवर ओढून घेतली आणि कोच बाहेर पडेपर्यंत वर केली नाही. मागच्या दाराशी गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती.

या धंद्यात यात नवं काही नाही. नामवंत कोच निक सेबन २१ डिसेंबर २००६ ला म्हणाले, मी अलाबामा विद्यापीठाचा कोच होणार नाही. ३ जानेवारी २००७ ला ते अलाबामाचे कोच होते. ब्रायन केली २००९ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठाची अपराजित टीम शुगर बोल या हंगामाअखेरच्या मोठ्या सामन्याच्या तोंडावर सोडून नोटर डेम विद्यापीठात गेले, आणि २०२१ मध्ये तसेच नोटर डेम सोडून लुइझियाना स्टेटला. उलट बाजूही आहे. आमच्या त्या मीटिंगच्या तीनच आठवडे आधी टेक्सस ए अँड एम विद्यापीठानं कोच जिम्बो फिशर यांना काढलं, तेव्हा करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागत होतं. म्हणजे कोच गेला तरी करारात रक्कम ठरलेली, त्याला काढलं तरी ठरलेली. आमच्या कोचना सोडवून न्यायला नव्या विद्यापीठानं जी रक्कम भरली, तेवढ्यात माझं ऑफिस वीस वर्षं चाललं असतं. त्याच करारात आमच्या टीमच्या शैक्षणिक गुणांवर कोचना बोनस देणारं एक कलम होतं. ते गुण आम्ही पाच बायका आणि एक निवृत्त गणिताचे मास्तर रात्री दहापर्यंत अभ्यासिकेत बसून मिळवायचो. तो बोनस घेऊनच ते गेले. हे मला अजून गिळवत नाही.

खेळाडूंच्या करारात मात्र असलं काही नव्हतं, कारण त्यांचा करारच नव्हता. होती ती शिष्यवृत्ती. सोडून जायचं तर ट्रान्स्फर पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव घालावं लागतं. पोर्टल आदल्याच दिवशी, ४ डिसेंबरला उघडलं होतं. पोरानं अर्ज केला की विद्यापीठानं कामकाजाच्या दोन दिवसांत नाव चढवायचं, आणि नाव चढलं की विद्यापीठ सत्र संपताच शिष्यवृत्ती थांबवू शकतं. त्या दिवशी दुपारपर्यंत अकरा अर्ज आले. चाहते इंटरनेटवर त्या अकरा जणांना गद्दार म्हणत होते. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं! कोचसाठी मात्र शब्द वेगळा: त्यांनी ‘संधी घेतली’.

साडेनऊला माझ्या दारात ७८ नंबर उभा राहिला. त्याचं नाव मी लिहिणार नाही, जर्सीचा नंबरही बदललाय. ऑफेन्सिव्ह लाइनमधला, म्हणजे समोरच्यांना अंगावर घेऊन अडवणारा, ज्याचं नाव टीव्हीवर फक्त चूक झाली की घेतात असा. माझ्या खुर्चीच्या हातांमध्ये तो मावत नाही, म्हणून नेहमी कपाटाला टेकून जमिनीवर बसतो. त्या दिवशीही बसला. लाइनवाले बोटांना चिकटपट्टी गुंडाळून खेळतात, तिचा काळा गोंद आठवडाभर निघत नाही. तो अंगठ्यानं तो गोंद खरवडत राहिला. मग म्हणाला, “मॅम, मी स्टॅटिस्टिक्सचा पेपर देत नाही. कशाला देऊ?”

इथे हिशेब सांगायलाच हवा, कारण सगळं त्यावर अडलं होतं. पदवीला १२० क्रेडिट. चौथं वर्ष सुरू होण्याआधी त्यातली ६० टक्के, म्हणजे ७२, झालेली असावी लागतात, नाहीतर खेळायला अपात्र. शिवाय फुटबॉलला एक खास नियम: हिवाळ्यापूर्वीच्या सत्रात निदान ९ क्रेडिट मिळवली नाहीत तर पुढच्या हंगामातले पहिले चार सामने बाहेर. तुम्ही कुठल्याही विद्यापीठात गेलात तरी ही शिक्षा बरोबर येते. या पोराचे चार विषय होते, प्रत्येकी तीन क्रेडिटचे. एक ऑक्टोबरातच हातचा गेला होता. उरलेले तिन्ही सुटले तरच नऊ. आधीची ५७, म्हणजे एकूण ६६. नवं विद्यापीठ सगळी धरत नाही. त्याच्या शाखेत साधारण बारा तरी गळणार, उरली ५४. त्यात पुढच्या सत्राची १५ आणि उन्हाळ्यातली ३. बरोबर ७२. एका क्रेडिटचीही सूट नव्हती. आणि स्टॅटिस्टिक्स सोडलं तर सगळंच कोसळत होतं.

मी हे त्याला स्क्रीनवर दाखवलं. झालेले विषय हिरवे, राहिलेले लाल. त्याला ते सगळं माहीत होतं. त्याचा प्रश्न वेगळाच होता. तो आमच्याकडे २०२२ मध्ये दुसऱ्या विद्यापीठातून आलेला, म्हणजे त्याची एक बदली वापरून झालेली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पदवी हाती येण्याआधी दुसऱ्यांदा बदली केली की एक वर्ष बाहेर बसायचं. कोच जानेवारीपासून नव्या मैदानावर उभे राहणार आणि त्यांच्या शब्दावर आलेला पोरगा वर्षभर बाकावर. “त्यांना का नाही बसवत?” त्यानं विचारलं. मी नऊ वर्षं हे नियम शिकवतेय. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि मला त्याच्यापेक्षाही जास्त त्याची आजी आठवत होती. एप्रिल २०२२ मध्ये तो आमचं विद्यापीठ बघायला आला तेव्हा ती बरोबर होती. आईवडिलांच्या जागी तीच. चर्चला जाताना घालतात तशी टोपी घालून आलेली. जेवणाच्या टेबलावर तिनं कोचना विचारलं, “माझा नातू इथे असेपर्यंत तुम्ही असाल ना?” कोच म्हणाले, असेन. तिचं समाधान झालं नाही. जेवणानंतर ती माझ्या ऑफिसात आली, दार लोटलं आणि विचारलं, “बाई, तू सांग. हा माणूस शब्द पाळतो का?”

मी हो म्हणाले. मला तसं सांगायला कुणी भाग पाडलं नव्हतं. कोच माझ्याशी कायम नीट वागले होते, परीक्षेच्या वेळी प्रॅक्टिस पुढे ढकलत होते, आणि मला खरंच तसं वाटत होतं. पण पोराच्या पुढच्या चार वर्षांची हमी द्यायचा मला काय अधिकार होता? तो प्रश्न माझ्या आवाक्यातला नव्हता आणि मी त्याचं उत्तर दिलं.

त्या संध्याकाळी मी आजीला फोन केला. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “तू आहेस ना अजून तिथे?” मी म्हटलं, आहे. “मग तो पेपर त्याला द्यायला लाव.”

दोन दिवसांनी मला कोचच्या उजव्या हाताचा फोन आला. नव्या विद्यापीठात सगळ्या ॲडव्हायझरांवर प्रमुख, पगार दीडपट. मी नाही म्हणाले. पुढच्या आठवड्यात विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या डायरेक्टरांनी भरसभेत माझं नाव घेऊन सांगितलं, निष्ठा कशी असते ते हिच्याकडून शिका. टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून बसले. ग्रीन कार्डासाठी विद्यापीठानं माझा लेबर सर्टिफिकेशनचा, म्हणजे कामगार खात्याच्या मंजुरीचा, अर्ज त्याच वर्षी भरला होता आणि मंजुरी यायची होती. त्या टप्प्यावर नोकरी बदलली असती तर भारतीयांच्या त्या लांबलचक रांगेतली माझी तारीखही गेली असती. पोरांसाठी थांबले हे खरं आहे. कागद अडकलेला नसता तरी थांबले असते का, हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय, आणि दर वेळी उत्तर सारखं येत नाही.

ज्यांची कुणी चर्चाच केली नाही ते वेगळेच. कोचनी सात जणांना बरोबर नेलं. उरलेल्या स्टाफला नवे कोच आल्यावर पंधरा मिनिटांची एकेक भेट, आणि बहुतेकांची दारं उघडणारी कार्डं जानेवारीत बंद. रात्रभर मॅचच्या चित्रफिती कापणारा एक मुलगा होता, नुकतं बाळ झालेला. तोही त्यांत होता. त्यानं कुणाला काय वचन दिलं होतं?

स्टॅटिस्टिक्सचा पेपर १३ डिसेंबरला होता. मंगळवारी रात्री अकरापर्यंत ७८ नंबर आणि आमचे गणिताचे मास्तर फळ्यापाशी उभे होते. मास्तरांनी सगळी उदाहरणं लाइनमनच्या आकड्यांवर बेतली: किती वेळा ब्लॉक टिकला, त्यावरून सरासरी, त्यावरून विचलन. इतकं चांगलं शिकवणं मी कमी पाहिलंय, आणि त्या माणसाला तासाचे किती पैसे मिळतात ते लिहायचीही लाज वाटते. सकाळी मी पोराला परीक्षेच्या हॉलपर्यंत चालत सोडून आले. त्याच दिवशी वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल कोर्टानं दुसऱ्या बदलीचा तो नियम आधी चौदा दिवसांसाठी स्थगित केला, पुढे स्थगिती त्या शैक्षणिक वर्षाच्या अखेरपर्यंत वाढली. तो बाहेर येऊन फोन बघत तसाच पायरीवर बसून राहिला.

त्याला बी मायनस मिळाली. जानेवारीत तो गेला. नव्या विद्यापीठानं बाराच क्रेडिट गाळली. पुढच्या हंगामात पहिल्या सामन्यापासून खेळला.

२०२५ च्या नोव्हेंबरात, ३० तारखेला, कोच लेन किफिन मिसिसिपी विद्यापीठाची टीम प्लेऑफच्या, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीच्या, उंबरठ्यावर सोडून लुइझियाना स्टेटला गेले. त्यांना प्लेऑफपर्यंत कोच राहायचं होतं, विद्यापीठानं राहू दिलं नाही. आमच्या ऑफिसात दिवसभर त्याचीच चर्चा, कोण बरोबर, कोण चूक. मला मात्र तिथल्या कुणातरी माझ्यासारख्या बाईच्या टेबलावरचे लाल-हिरवे कागद दिसत होते.

परवा एक नवा मुलगा वडिलांबरोबर आला होता. जेवणानंतर वडील माझ्या खोलीत थांबले आणि तोच प्रश्न विचारला: कोच राहतील का? दारात आमचा रिक्रूटिंगवाला, म्हणजे नवे खेळाडू मिळवून आणणारा, उभा होता. मी म्हटलं, “मला माहीत नाही. त्यांच्या करारात सोडून जायची रक्कम किती आहे ते विचारा, सरकारी विद्यापीठ आहे, सांगावं लागतं.” मग त्यांच्या मुलाच्या शाखेचा कागद काढला आणि मध्येच जावं लागलं तर कोणते विषय बरोबर नेता येतील, त्यांवर खुणा करून दिल्या. रिक्रूटिंगवाला त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही.