कसारा घाट चढून आलेली मुशी

नाशिकच्या मासळी बाजारात सकाळी जी समुद्राची मासळी दिसते, तिच्यातली बरीचशी रात्रभरात कसारा घाट चढून आलेली असते. मुंबईच्या ससून डॉकवर आणि भाऊच्या धक्क्यावर बर्फ घालून भरलेले क्रेट टेम्पोत चढतात आणि दीडशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता संपवून इथे उतरतात. अलिबागहून नाशिकला जाताना मुंबईनंतरचा माझाही रस्ता तोच होता. भिवंडीच्या आसपास बस इतका वेळ कोंडीत अडकली की घाट लागेपर्यंत अंधार झाला होता, आणि इगतपुरीनंतर न लागणाऱ्या खिडकीतून येणारे वारे अंगाला झोंबू लागले. नाशिकच्या थंडीचे कौतुक पुष्कळ ऐकले आहे. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला मात्र ती सोसत नाही, हे माझे मत याही प्रवासात कायम राहिले.

जाण्याचे निमित्त बारशाचे होते. माझ्या मावसबहिणीची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, इंदिरानगरला आली होती. पांडवलेणी चढून आले, मिसळ खाल्ली, रामकुंडावरच्या गर्दीत फार वेळ थांबवले नाही. नाशिकदर्शनाबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही. यजमानांच्या अगत्याबद्दल मात्र लिहिलेच पाहिजे. घरात बाळ-बाळंतीण, रात्रीची जागरणे, दिवसभर येणारीजाणारी माणसे, आणि तरीही पाहुण्यांच्या आंघोळीचे पाणी वेळेवर तापत होते, ताटात गरम भाकरी पडत होती. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी असे सारे यथासांग चालले होते. तरीही माझ्या मावशीच्या, म्हणजे बाळंतिणीच्या आजीच्या मनात एक खंत होती. इतके दिवस झाले, पण नातीच्या पोटात अजून मुशी, म्हणजे शार्क मासा, गेली नव्हती.

मावशी मूळची आमच्याच अलिबागकडची. लग्नानंतरचे सारे आयुष्य नाशिकमध्ये गेले, पण स्वयंपाकघरातला समुद्र तिने सोडला नाही. कोकणच्या किनाऱ्यावर बाळंतिणीला भरपूर दूध यावे म्हणून मुशीचे कालवण देण्याची चाल जुनी आहे. मालवणकडे तिलाच मोरी म्हणतात. या माशाला काटे नसतात, सांगाडा सारा कूर्चेचा असतो, त्यामुळे तो खायला सोपा आणि पचायला हलका मानला जातो. त्याच्या कातडीवर पॉलिशच्या कागदासारखा खरखरीतपणा असतो. म्हणून तुकडे कढत पाण्यात घालून कातडी खरवडून काढावी लागते. मांसात युरिया असल्यामुळे मुशी शिळी झाली की अमोनियाचा उग्र वास सुटतो. तेव्हा ती ताजीच हवी, हळद सढळ हाताने लावायला हवी, आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटपाला कोकमाचा आंबटपणा हवा. मावशीने मला हे सगळे बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी बसून पुन्हा एकदा सांगितले. तिच्या आईने तिच्यासाठी, तिने तिच्या मुलीसाठी ते केले होते.

बाळंतीण स्वतः शिकलेली मुलगी आहे आणि आजीचा शब्द ती सहसा मोडत नाही. ती एवढेच म्हणाली, "आजी, डॉक्टर म्हणाले आहेत की अंगावर पाजते आहे तोवर मोठे शिकारी मासे नको, त्यांच्यात पारा साठलेला असतो." हे खरेच आहे. लहान माशांना मोठे मासे खातात, त्यांना त्याहून मोठे खातात, आणि पारा साखळीच्या वरच्या टोकाला साचत जातो. मुशीच्या मोठ्या जाती त्या टोकाला असतात. त्यावर मावशी म्हणाली, "अगं, मोठी कोण आणतंय? लहानच आणायची, कोवळी." वाद तिथेच थांबला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी मला घेऊन बाजारात गेली.

तिथे जे पाहिले त्यासाठीच हे सारे लिहीत आहे.

विक्रेत्याने आमचे बोलणे पुरते ऐकण्याआधीच ओळखले. "बाळंतिणीसाठी ना, आजी? ही बघा, कोवळी आहे." त्याने बर्फाखालून हात घालून पाच-सहा मुशी ओट्यावर काढून ठेवल्या. सगळ्या साधारण एका लांबीच्या, दीड फुटाच्या आतबाहेर, राखाडी पाठीच्या आणि पांढऱ्या पोटाच्या. मी त्या एकाच जातीच्या समजले असते, कोणीही समजले असते. मावशीने पहिली उचलली, तिच्या तोंडाच्या पुढच्या भागावरून अंगठा फिरवला आणि बाजूला ठेवली. तो भाग फावड्याच्या पात्यासारखा रुंद आणि चपटा होता. पाठीवरचा मागचा पर अगदी इवलासा, शेपटीकडे सरकलेला. ही आपल्या किनाऱ्यावरची नेहमीची मुशी; शास्त्रज्ञ तिला स्कोलिओडॉन म्हणतात. ती पूर्ण वाढली तरी साधारण दोन फुटांचीच होते, म्हणजे ओट्यावरची ती मुशी लहान दिसत असली तरी वयात आलेली होती. दुसरी मुशी मावशीने हातात घेऊन लगेच खाली ठेवली. तिचे तोंड निमुळते होते आणि परांची टोके काळी होती. ती कोणत्यातरी मोठ्या होणाऱ्या जातीचे पिल्लू होते.

तिसरी कानमुशी होती. डोके दोन्ही बाजूंना हातोड्याप्रमाणे पसरलेले, त्या पसरलेल्या टोकांना डोळे, आणि एका डोळ्याच्या कडेला बर्फाचा चुरा अडकलेला. मावशीने ती उलटी केली. छातीच्या दोन परांच्या मधोमध, पांढऱ्या पोटावर, एक बारीक फट होती आणि तिच्या कडा अजून लालसर होत्या. मावशी बराच वेळ ती पाहत राहिली. मग मला म्हणाली, "हिची नाळसुद्धा सुकलेली नाही गं."

मुशीच्या या जाती अंडी घालत नाहीत. पिल्ले आईच्या पोटात नाळेने जोडलेली वाढतात आणि जन्मल्यावर काही काळ त्यांच्या पोटावर ती खूण उघडी राहते. कोळणींना हे पुस्तकावाचून ठाऊक असते, कारण मासा कापताना पोटात नाळेसकट पिल्ले निघतात. घरी आमच्या बाळाची नाळ नुकतीच पडली होती. मावशीने कानमुशी बर्फावर ठेवली, हात पदराला पुसले आणि विक्रेत्याला विचारले, "भाऊ, ही कशाला आणता?" तो उद्धट नव्हता. तो म्हणाला, "आजी, मी काय निवडून आणतो का? क्रेट येतो तसा विकतो. मेलेलंच आहे ते."

मेलेले होते हे खरेच. कानमुशीची पिल्ले डोल जाळ्यांत आणि ट्रॉलरच्या जाळ्यांत इतर मासळीबरोबर येतात, आणि जाळे ओढून होईपर्यंत ती बहुधा जिवंत राहत नाहीत. कानमुशीच्या दोन मोठ्या जाती आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत नामशेष होण्याच्या सर्वाधिक धोक्याच्या गटात आहेत. ही मुशी तीन मीटरच्या वर वाढते, वयात यायला अनेक वर्षे घेते, आणि जन्मतःच तिची लांबी आपल्या नेहमीच्या, पूर्ण वाढलेल्या मुशीएवढी असते. सगळा घोटाळा इथेच आहे. किनाऱ्यावरच्या आज्या बाळंतिणीसाठी जी लहान मुशी मागत, ती एक लहान जात होती. ती झपाट्याने वयात येते, वर्षभर पिल्ले देते, आणि म्हणून पिढ्यान्‌पिढ्या खाऊनही टिकली; आज मात्र तीही धोक्याच्या उंबरठ्यावर असल्याचे हीच लाल यादी सांगते. घाट चढून चाल इथे आली तेव्हा जातीची ओळख मागे राहिली आणि फक्त लांबी सोबत आली. त्यामुळे दीड फुटाची कोणतीही मुशी बाळंतिणीची मुशी झाली, मग ती दोन दिवसांपूर्वी जन्मलेली का असेना.

कायद्याने हा प्रश्न सुटेल असे मानणाऱ्यांनी 2001 साल आठवावे. त्या वर्षी जुलै महिन्यात सरकारने मुशी आणि तिचा चपटा नातलग पाकट यांच्या सगळ्याच जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, घातले. मच्छीमारांनी जोरदार विरोध केला, आणि डिसेंबरमध्ये ती यादी 10 जातींवर आली. विरोध मला समजतो. जाळ्यात काय येईल हे ज्याच्या हातात नाही, त्याला सरसकट गुन्हेगार ठरवून समुद्र वाचत नाही. 2015 मध्ये मुशीच्या परांच्या निर्यातीवर बंदी आली, 2022 च्या दुरुस्तीने अनुसूचींत आणखी जाती आल्या. पण निर्यातीची बंदी बंदरावर थांबते आणि अनुसूचीतली लॅटिन नावे नाशिकच्या ओट्यापर्यंत पोहोचत नाहीत.

गुजरातमध्ये जे घडले ते मला अधिक विचार करण्यासारखे वाटते. वेरावळच्या किनाऱ्यावर देवमाशाएवढ्या थोरल्या व्हेल शार्कची शिकार होत असे; तिच्या यकृताचे तेल होड्यांना लावत. 2001 मध्ये तिला संरक्षण मिळाले, पण मन वळले ते 2004 पासून, रामकथाकार मोरारी बापूंनी लोकांना सांगितल्यावर की ही बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे, आणि लेकीला कोणी मारत नाही. त्यानंतर तिथल्या मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापून शेकडो शार्क सोडून दिल्या. आपल्याकडेही 2018 पासून संरक्षित प्राणी सोडवताना जाळे फाटले तर मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. वेळासला ज्या गावात कासवांची अंडी उकरून नेली जात, तिथे 2002 पासून गावकरी ती राखतात. या सगळ्या ठिकाणी माणसाला आपल्याच घरातल्या भाषेत सांगणारे कोणीतरी होते.

आपल्या चालीरीतींत संयमाची सोय आधीपासूनच आहे. पावसाळ्यात होड्या शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावर पुन्हा लोटायच्या, ही रीत कायद्याहून जुनी आहे. आजची 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी तिच्याच वाटेने जाते. पण घाटावरच्या शहराला ती जाणवत नाही. गटारीला, म्हणजे बहुधा ऐन बंदीच्या काळात, इथे मासळीला मोठी मागणी असते, आणि पूर्व किनाऱ्याची बंदी 14 जूनला उठलेली असल्यामुळे माल तिकडून येऊ शकतो, शीतगृहातूनही येतो. श्रावण पाळणारी माणसेही आदल्या पंधरवड्यात काय खाल्ले आणि ते कुठून आले हे विचारत नाहीत. शहरातल्या एका हॉटेलात मी थाळीतला मासा कोणता, असे विचारले, तर "बोनलेस आहे, मॅडम" एवढेच उत्तर आले. पुन्हा विचारल्यावर वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावर वैताग दिसला. जे खातो त्याचे नाव विचारणे हा ग्राहकाचा आगाऊपणा ठरावा, याचा मला मनापासून राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

मावशीने त्या दिवशी मुशी घेतलीच नाही. नेहमीच्या जातीची एक ओट्यावर होती, तीसुद्धा नाही. तिने मुडदुशा घेतल्या, ज्या आमच्याकडे आजाऱ्याला आणि बाळंतिणीला पथ्याच्या म्हणून देतात, आणि घरी जाऊन त्यांचे पातळ कालवण केले. नातीने ते दोन वेळा मागून घेतले. चाल मोडली असे मावशीला वाटले नाही, कारण तिच्या लेखी चाल होती ती बाळंतिणीला समुद्राचे ताजे, हलके, गरम काहीतरी आपल्या हाताने करून घालण्याची. निघण्याआधी मात्र ती त्या विक्रेत्याकडे पुन्हा गेली होती. तिने त्याला तोंड कसे पाहायचे, मागचा पर कुठे असतो, हे ओट्यावरच्या माशांवरच दाखवले, आणि शेजारच्या दोघी गिऱ्हाइके तेही ऐकत उभी राहिली. त्याने मोबाइलवर कानमुशीचा फोटो काढून मुंबईच्या व्यापाऱ्याला पाठवला. उत्तर आले की क्रेट मिसळीचाच येतो, वेगळे काढायचे असेल तर ते बंदरावरच व्हायला हवे.

म्हणून अलिबागला परतल्यावर मी बंदरावर गेले. मासळी वेगळी करत बसलेल्या बायकांना कानमुशी ओळखायला क्षणही लागला नाही. त्या म्हणाल्या, ओळखतो तर, पण वाटे भावाप्रमाणे लावतो. कानमुशीच्या पिल्लांचा वेगळा वाटा लावला तर तो कोणी उचलत नाही, म्हणून ती लहान मुशीच्या वाट्यात जातात आणि घाटावर खपतात. त्यातली एक म्हणाली, "तिकडची माणसं नको म्हणाली, तर आम्ही कशाला घालू?"