पेनी ब्लॅकच्या कोपऱ्यातलं अक्षर

नवख्या खात्यावर खरेदीदार स्वतःच शंका घेतो. पण वर्षानुवर्षं एकही तक्रार नसलेल्या विक्रेत्याला तो डोळे झाकून पैसे पाठवतो. चोरांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून नवी खाती उघडत बसण्यापेक्षा ते दुसऱ्याचं जुनं, नाव कमावलेलं खातंच बळकावतात.

जुनी नाणी, तिकिटं, संग्राह्य कार्डं यांच्या ऑनलाइन खरेदी-विक्रीतले संशयास्पद व्यवहार तपासणं हे माझं काम. त्या दिवशी एका खरेदीदाराचा मेसेज आला. तक्रार नव्हती, साधी विचारणा होती : "विक्रेते म्हणतात, पैसे साइटवरून नको, परस्पर पाठवा, स्वस्तात देतो. चालेल ना?"

मी लगेच त्या विक्रेत्याचं खातं उघडून पाहिलं. मालक वर्षानुवर्षं कमी किमतीची नाणी विकत आलेले. मग बराच काळ खातं शांत, आणि आता एकाएकी महागड्या तिकिटांची रांग. लॉगिन नव्या फोनवरून, पाठोपाठ फोन नंबर बदललेला, पैसे जमा होण्याचं बँक खातंही बदललेलं. यातली एकेक गोष्ट निर्दोष असू शकते. माणसं फोन बदलतात, बँक बदलतात, वारशानं आलेला संग्रह विकायला काढतात. प्रामाणिक माणसाचं खातं नुसत्या संशयावरून गोठवणं मला पटत नाही. पण मेसेजची भाषाही बदलली होती. आधीचा माणूस नाण्याची झीज, कडेचा ओरखडा आपणहून सांगायचा. आताचा काहीही विचारलं तरी म्हणायचा, "लवकर सांगा, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय."

खरेदीदाराला हवं होतं पेनी ब्लॅक, 1840 सालचं, जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट. याच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक अक्षर असतं. पूर्ण तावात 240 तिकिटं : 20 ओळी, दर ओळीत 12. डावं अक्षर ओळ सांगतं, उजवं त्या ओळीतली जागा. म्हणजे डावीकडे ए ते टी आणि उजवीकडे ए ते एल. एलच्या पुढचं अक्षर तिथे येऊच शकत नाही. या फोटोत उजवीकडे होतं आर.

फोटो मोठा केला. त्या अक्षराचा एक पाय शेजारच्या छपाईपेक्षा गुळगुळीत दिसत होता. मग जुन्या लिलावांचे फोटो चाळायला घेतले. तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून टपालात मारलेला माल्टीज क्रॉसचा, म्हणजे फुलीच्या आकाराचा, लाल शिक्का हातानं मारलेला असतो, त्यामुळे तो प्रत्येक तिकिटावर वेगळा पडतो. इथे तो तिरका, एका बाजूला पुसट झालेला होता. अगदी तसाच शिक्का, तसाच वरचा अरुंद समास एका जुन्या लिलावात सापडला. तिथे उजवीकडचं अक्षर होतं बी. अक्षरं जुळवून कुणी मूळ तिकिटापर्यंत पोचू नये म्हणून चोरानं बीचा आर केला होता.

व्यवहार थांबवले आणि मालकांना फोन लावला, तोही नोंदीतल्या जुन्या नंबरवर. नव्या नंबरवर चोरच बोलला असता.

"मी तर काहीच विकायला काढलेलं नाही," वयस्कर आवाज म्हणाला. "आणि बदल झाले तर मला ईमेल यायला हवी होती ना?"

ईमेल गेली होती. चोर आधी त्यांच्या ईमेलमध्येच शिरला होता आणि आमच्या सूचना थेट कचऱ्यात जातील असा नियम लावून बसला होता. दोन्हीकडे पासवर्ड एकच.

"सर, मी तुम्हाला ओटीपी विचारणार नाही. आमच्या नावानं कुणीही विचारला तरी देऊ नका," असं सांगून मी त्यांना आधी ईमेलकडे वळवलं. पासवर्ड बदला, तो नियम काढा, बाकी सगळी उपकरणं लॉगआउट करा, दुहेरी पडताळणी लावा. आमच्याकडचं खातं त्यानंतर. ईमेल चोराच्या ताब्यात असताना इथला पासवर्ड बदलला, तर तो पुन्हा बदलून घेतो.

विचारणा करणाऱ्याचे पैसे वाचले. दुसऱ्या एकानं मात्र आधीच परस्पर पैसे पाठवले होते, 'मित्र-नातेवाईक' हा पर्याय निवडून. त्यात खरेदीदाराला संरक्षण मिळत नाही, आणि साइटबाहेर गेलेले पैसे आम्हाला अडवता येत नाहीत. त्याला ताबडतोब बँकेकडे जायला सांगितलं.

मालकांना हे कळल्यावर ते स्वतःच्या खात्याचं विसरले. "माझं नाव बघून पाठवले ना त्यानं? मला त्याला लिहायचंय." त्यांचं पत्र मी पुढे पाठवलं. सोबत त्याच्या बँकेसाठी चोराचे सगळे मेसेज, लॉगिनच्या वेळा आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून दिले.