कुंभार्ली घाटात गाडी गरम झाली तेव्हा

गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन झालं, समुद्र झाला, नारळी-पोफळीच्या बागा झाल्या. राहायची सोय ठीकच होती, पंखा रात्रभर कुरकुरायचा. हे सगळं एका ओळीत संपवते, कारण मला लिहायचंय ते परतीच्या वाटेवरचं.

आई आणि मी चिपळूणहून कराडला निघालो होतो. मे महिना, दुपारची वेळ. घाटाच्या पायथ्याच्या पोफळी गावापर्यंत टेम्परेचरचा काटा रोजच्यासारखा मधोमध. घाट सुरू झाला आणि पुढे उसासे टाकत चढणारा सिमेंटचा ट्रक आला. त्याच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चार वळणं घेतली, तोवर काटा अर्ध्याच्या वर सरकला. एसी बंद केला, हीटर फुल्ल सोडला. हीटर इंजिनाचीच उष्णता आत ओढतो, त्यामुळे इंजिनाला थोडा आराम पडतो. आईला मे महिन्यात तोंडावर झळा सोसाव्या लागल्या, पण ती एका शब्दाने बोलली नाही. तरीही काटा लाल रेघेकडे निघाला, तेव्हा रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली आणि बंद केली. बोनेट उघडलं तर कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, डब्यातून खदखदत पाणी बाहेर येत होतं आणि वाफ.

मग माणसं जमली. घाटात थांबून विचारपूस करतात, हे मला फार मोलाचं वाटतं. पण जो येईल तो एकच सांगायचा, पाणी ओता. कुणी म्हणे इंजिनावर ओता, कुणी म्हणे रेडिएटरमध्ये, म्हणजे इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या जाळीत. एका मोठ्या गाडीतले गृहस्थ तर बाटली घेऊन थेट रेडिएटरच्या झाकणापाशी गेले, रुमाल गुंडाळून झाकण फिरवायच्या बेतात. तेवढ्यात मागून आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो थांबला होता, त्याच्या ड्रायव्हरने धावत येऊन त्यांचा हात धरला. ‘साहेब, तोंड भाजंल. ऱ्हाऊ द्या.’

ते गृहस्थ रागावले. मला मात्र त्या ड्रायव्हरचे पाय धरावेसे वाटले. रेडिएटरचं झाकण नुसतं झाकण नसतं. ते आतलं पाणी साधारण एक बार दाबाखाली धरून ठेवतं, म्हणून ते पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण उघडलं की दाब जातो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन उसळतं. आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकू शकतं, तडकू शकतं. मदत करणाऱ्यांची तळमळ खरी असते, पण घाटोघाट हा सल्ला इतक्या खात्रीने दिला जातो की मला भीती वाटते.

ड्रायव्हरने कशालाच हात लावला नाही. सावलीत बसला आणि विचारायला लागला. ‘ताई, सपाटीला काटा कुठं हुता?’ मध्यावर. ‘अन् चढला कवा?’ ट्रकच्या मागे. यावर आई म्हणाली, ‘अरे बाळा, चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर गाड्या तुंबल्या होत्या ना, तेव्हापासून एसी गार लागत नव्हता. चालत्या गाडीत लागत होता.’ त्याचा चेहरा उजळला. ‘मावशी, तुम्हीच सांगितलं की! फॅन फिरत नसणार.’

गाडी पळते तेव्हा समोरचा वारा रेडिएटर गार करतो. हळू चालली किंवा थांबली की ते काम फॅनचं, आणि एसीलाही तोच लागतो. गळती असती किंवा पाणी फिरवणारा वॉटर पंप गेला असता, तर काटा बहुधा सपाटीलाही जागेवर राहिला नसता.

पाऊण तास तरी थांबलो. मधूनमधून ड्रायव्हर रेडिएटरचा वरचा जाड होज, म्हणजे रबरी नळी, फडक्याने दाबून बघायचा. आधी दगडासारखा कडक होता, नंतर बोटाखाली दबायला लागला. तेव्हा कुठे त्याने झाकण अर्धं फिरवून उरलासुरला दाब सोडला, मग काढलं. ऑईलची काडी ओढून पाहिली. ऑईल स्वच्छ, दुधाळ नाही, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं नाही, हेडखालचं सील, हेड गॅस्केट, बहुधा शाबूत. टेम्पोतल्या कॅनमधलं पाणी हळूहळू भरलं. इंजिन चालू करून एसी लावला, फॅन गप्प. फ्यूज ठीक होता. मग त्याने फ्यूजच्या डब्यातला फॅनचा रिले, म्हणजे त्याला वीज सोडणारा छोटा स्विच, उपटला, शेजारचा हॉर्नचा रिले काढला, दोन्हींवरचे नंबर मला वाचायला लावले. एकच होते. हॉर्नचा रिले फॅनच्या जागी दाबला आणि फॅन असा घोंगावत सुटला की आईने टाळ्या वाजवल्या.

आता फॅन होता, पण हॉर्न नव्हता. आणि घाटाची आंधळी वळणं अजून बाकी होती. तो म्हणाला, ‘मी म्होरं ऱ्हातो. वळणावर माझा हॉर्न वाजंल, तुम्ही मागनं या.’ आणि खरंच, वरपर्यंत प्रत्येक वळणाआधी त्याने लांबलचक हॉर्न दिला. त्याचा माल नाशवंत, बाजाराची वेळ ठरलेली, तरी आमच्या काट्याकडे बघत तो हळू चालला. पैसे घेतले नाहीत. आईने दिलेली लाडवांची पुडी तेवढी घेतली. हेळवाकला हात हलवून पुढे गेला, तेव्हा काटा मध्यावर स्थिर होता. कोयनानगर, पाटण कधी गेलं कळलंच नाही.

कराडच्या गॅरेजमध्ये नवा रिले अडीचशे रुपयांत बसला. तिथला मेस्त्री म्हणाला, थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्या हवेत लागत नाही, परत कधी गरम होणार नाही. मी ठाम नाही म्हणाले. थर्मोस्टॅट म्हणजे रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याची झडप, ती साधारण ८० ते ९० अंशांना उघडते, तोवर इंजिन लवकर तापू देते. ती काढली की इंजिन बराच वेळ थंड राहतं, पेट्रोल जास्त पितं, झिजतं. आणि आमचा थर्मोस्टॅट धडधाकट होता, बिघडला होता रिले. घाटात भरलेलं साधं पाणी मात्र सगळं काढायला लावलं, कारण त्याने आत क्षार धरतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरून घेतलं, हॉर्न दोनदा वाजवून पाहिला आणि पैसे दिले.