पन्नाशी आणि बकासुराचा गाडा

एरंडोल, रविवार, २८ जानेवारी २०२४

डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे एकेक पात्र घेऊन बोलत बोलत कथा रचायची आणि अडेल तिथे फासे टाकायचे, या खेळाला या महिन्यात पन्नास वर्षे पूर्ण झाली, आणि ती साजरी कशी करावी यावर आमच्या पाच जणांत तीन आठवडे खल चालला होता. एकाला जळगावला हॉल घेऊन बॅनर लावायचा होता, तर दुसऱ्याच्या मते प्रत्येकी दोन हजार काढून परदेशातून धातूचे फासे मागवायला हवे होते. मला दोन्ही पटले नाही. वस्तू विकत घेऊन वाढदिवस करायचा तर तो दुकानदाराने करावा, असे मी म्हणालो, आणि जरा फटकळपणेच म्हणालो, हे इथे कबूल करतो.

१९७४ साली या खेळाच्या पहिल्या हजार प्रती निघाल्या, त्या घरच्या घरी हाताने खोक्यांत भरलेल्या होत्या. आत तीन पातळ पुस्तिका आणि किंमत दहा डॉलर. खेळ रचणाऱ्या दोघांपैकी गॅरी गायगॅक्स यांचे नाव सगळे घेतात, परंतु अमेरिकेतल्या मिनेसोटात मित्रांना जमवून ब्लॅकमूर या कल्पित मुलुखातली मोहीम (म्हणजे डावामागून डाव चालणारी कथा) आधीपासून चालवणारे डेव्ह आर्नेसन मात्र मागे पडतात. (पुढे या दोघांत श्रेय आणि मानधनावरून कोर्टकचेरी झाली, भाऊबंदकी काही आपल्याकडेच आहे असे नाही.) त्या नियमांत इतक्या जागा मोकळ्या आहेत की प्रथम वाचताना चिडचीड होते, पण तिसऱ्या पुस्तिकेच्या शेवटी लेखकच वाचकाला विचारतात की तुमच्या वाट्याची कल्पनाही आम्हीच का करावी. साजरे करण्याची रीत त्यांनी तिथेच सांगून ठेवली आहे, असे मला वाटते.

म्हणून आज शेतावर त्याच तीन पुस्तिकांच्या नियमांनी खेळलो, आणि कथा आमच्याच गावची घेतली. एरंडोलला लोक महाभारतातली, बकासुराची एकचक्रानगरी मानतात, तेव्हा राक्षस शोधायला लांब जाण्याचे कारण नव्हते. मामेभाऊ डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे कथा सांगून खेळ चालवणारा) झाला, जरी त्या पुस्तिकांत त्या जागेला रेफरी असा साधा शब्द आहे. पात्रांचे योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू एवढेच तीन वर्ग. चोरसुद्धा नाही, तो १९७५ च्या पुरवणीत आला. माझ्या जादूगाराचा जीव सहा बाजूंच्या एका फाशावर ठरायचा होता आणि दान पडले दोनचे. कोणत्याही शस्त्राचा घाव त्याच फाशाने मोजायचा असल्यामुळे मी बसल्या जागीच अर्धा मेलेलो होतो, आणि तरी गेल्या दोन वर्षांत इतका सावध, इतका रंगून मी खेळलो नव्हतो.

पलीकडे पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती. आत्या बडगीत भरीत ठेचता ठेचता आमचे ऐकत होती. बकासुराला अन्नाचा गाडा घेऊन कोणी जायचे यावर आमची घासाघीस सुरू झाली, तेव्हा ती न राहवून म्हणाली, "गाडा रिकामाच धाडा ना रे, तो भुक्या मरी!"

असा डाव आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता. मामेभावाने पुस्तिका चाळली. यासाठी नियम नव्हता. परंतु समोरच्याची वृत्ती दोन फाशांवरून ठरवण्याचा एक तक्ता सापडला, आणि त्याने फासे सरळ आत्याच्या हातात दिले. तिने ते आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) जुगारात टाकावेत तसे मूठ फुंकून टाकले. एक खाटेखाली गेला. वाकून पाहिले तर दोन, आणि वरचा एक. बेरीज तीन. बकासुर खवळला, रिकामा गाडा त्याने उलथवला, आणि गाडीवानाच्या जागी लपलेला माझा जादूगार पहिल्याच घावात गेला.

आत्या खो खो हसली. कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची नोंद असलेल्या कागदावर, भरिताचे तेल सांडले होते, ते पुसायचे मी राहू दिले. धातूच्या फाशांचा विषय कोणी पुन्हा काढला नाही. फक्त निघताना आत्याने मामेभावाला विचारले की त्या राक्षसाला अजून किती घाव लागतील.