आप्तांच्या अंगणातली कॅम्पर : बागमांडला ते मालगुंड

आमच्या कॅम्परमध्ये, म्हणजे निजण्या-शिजवण्याची सोय असलेल्या गाडीत, पावसाळ्यात केलेल्या बदलांची खरी कसोटी माघातल्या कोकणफेरीत लागली. तिची नोंद, पुढच्या कामांसह, येथे करून ठेवत आहे. गाडी तीच, फोर्स ट्रॅव्हलर या मिनीबसवर बांधलेली, छतावरचा पंखा धरून 2.9 मीटर उंच. बदलली ती विजेची व्यवस्था. जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्या काढून 12 व्होल्टची, 200 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली, गाडी चालताना ती भरली जावी म्हणून 30 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर जोडला आणि बाहेरची वीज घेण्याच्या जोडणीवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, लावला. छतावरची 180 वॉटची दोन सौर पॅनेल पूर्वीचीच आहेत.

मार्ग नातेवाइकांच्या पत्त्यांनीच ठरवून दिला होता. ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, बागमांडल्याहून फेरीबोटीने वेश्वी, मंडणगडवरून दापोली, जेथे माझे शाळेचे सगळे दिवस गेले. मग दाभोळची खाडी ओलांडून गुहागरला आत्याकडे आणि शेवटी तवसाळ-जयगड करून मालगुंडला मावसभावाकडे. राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आले असले, तरी आमचे सगळे मुक्काम कुणाच्या ना कुणाच्या दारातच होते. त्यामुळे आप्तांच्या अंगणात उभी राहायची गाडी कशी असावी, एवढाच या नोंदीचा विषय आहे.

आधी फेरीबोटींविषयी, कारण लांब गाडीवाल्यांना तेथेच धास्ती वाटते. आमच्या गाडीचा मागच्या चाकांच्या मागे गेलेला भाग मोठा आहे आणि ओहोटीला बोट धक्क्याच्या खाली उतरली की बोटीची फळी आणि धक्क्याचा उतार यांच्यामध्ये जो कोन पडतो, त्यात हाच भाग घासतो. भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशेब पुरेसा आहे : तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी पाणी धक्क्याला भिडलेले आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला पार आटलेले. त्यातून ही उधाणाची भरती-ओहोटी, म्हणजे पाण्याचा चढउतारही सर्वांत मोठा. अष्टमीला भर दुपारी ओहोटी येते खरी, पण ते दिवस भांगाचे असल्यामुळे पाणी फारसे खाली जात नाही. थोडक्यात, लांब गाडी दुपारी चढवावी आणि पौर्णिमा-अमावास्येची संध्याकाळ टाळावी. आमची बागमांडल्याची फेरी नेमकी पौर्णिमेच्या संध्याकाळी आली. खलाशांनी मागच्या चाकांखाली दोन जाड फळ्या सरकवल्या, एकाने जमिनीलगत वाकून बंपरखाली हात धरला आणि तो बोटे मिटत नेऊन उरलेली जागा मला आरशात दाखवत राहिला. शेवटी दोन बोटे उरली होती. दाभोळला वद्य षष्ठीला, साडेचारची भरती धरून तीनच्या सुमारास गेलो, तेव्हा फळ्यांची गरजच पडली नाही.

दापोली उंचावर असल्याने माघात रात्री पांघरूण लागते आणि पंख्याचा खर्च वाचतो. जालगावातल्या ज्या आळीत आमचे बिऱ्हाड होते, तिच्या दोन्ही अंगांना अजूनही जांभ्याचे गडगे आहेत आणि त्यांवरून फणस-आंब्यांच्या फांद्या रस्त्यावर आलेल्या आहेत. लहानपणी सायकलवरून जाताना ही आळी ऐसपैस वाटे. आता नवरा हातात तीन मीटरचा वेळू घेऊन पुढे चालत होता, त्यावर 2.9 मीटरला लाल चिकटपट्टी लावलेली होती, आणि पट्टीच्या खाली येणारी प्रत्येक फांदी तो वेळूनेच उचलून धरत होता. उंचीचे कोणतेही उपकरण घेण्याआधी हा वेळू घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

आमच्या घरमालकांच्या सूनबाईंनी आपणहून पडवीतला प्लग देऊ केला. सॉकेट टेस्टर लावला तर अर्थिंग नव्हते. जुन्या घरांत हे सर्रास आढळते आणि आपल्या छंदात त्याकडे फार दुर्लक्ष होते. अर्थिंग नसताना चार्जरमध्ये किंवा तारेत कुठे गळती झाली, तर गाडीची सगळी बॉडी जिवंत होऊ शकते. रबरी चाकांमुळे तो प्रवाह जमिनीत उतरत नाही आणि ओल्या अंगणात अनवाणी उभे राहून जो दाराला हात लावेल त्याच्या अंगातून वाट काढतो. आरसीसीबी अशा वेळी वीज तोडतो, पण माणसाला झटका बसू लागल्यानंतर. आम्ही प्लग वापरला नाही. सूनबाईंना वाईट वाटू नये म्हणून फोन मात्र त्यांच्याकडे चार्ज केले. बिऱ्हाडाची खोली आता त्यांच्या दुचाक्या ठेवायला आहे, आणि माझ्या उंचीच्या खुणा ज्या दारावर होत्या तो दरवाजा त्यांनी गोठ्याला लावला आहे. खुणा वाचता येतात.

दापोली ते गुहागर खेड-चिपळूणवरून शंभर किलोमीटरच्या आसपास भरते. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने ते अर्ध्याहून कमी होते. यात इंधन वाचते, मात्र बॅटरी उपाशी राहते. चार्जर तासाला साधारण 400 वॉट-अवर भरतो. दीड तासाच्या चालण्यात 600 मिळाले, आणि आमचा रोजचा खर्च, फ्रिजचे 500 धरून, 800 आहे. उरलेले सौर पॅनेल भरून काढतील हा माझा कागदावरचा हिशेब होता. गुहागरच्या वाडीत तो टिकला नाही.

कारण वाडीत ऊन असते ते फक्त खळ्यात, आणि आत्याच्या खळ्यात सुपारीचे वाळवण पसरलेले होते. पाहुण्यांसाठी सुपारी हलवणे तिला मंजूर नव्हते, आणि मलाही ते पटले. नारळीखाली गाडी लावायची नाही हे कोकणात कुणी सांगायला नको; नारळ तर सोडाच, वरून आलेली वाळकी झावळसुद्धा पॅनेलची काच फोडते. उरली आंब्याखालची जागा. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा खाली गळतो, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. तो पॅनेलवर काय करतो हे मात्र प्रथमच पाहिले. सकाळी काचेवर बोट फिरवले तर ते गुळाच्या पाकात बुडवल्यासारखे चिकटले, आणि त्यावर धुरळा बसून पॅनेल तपकिरी झाले होते. कोमट पाणी आणि मऊ फडक्याने ते निघते, पण रोज पुसावे लागते. सावली आणि चिकटा मिळून दिवसाला 300 वॉट-अवरही हाती लागत नव्हते.

येथे पंपाच्या खोलीतला 16 अँपिअरचा प्लग उपयोगी पडला. त्याला नीट अर्थिंग होते. तार 2.5 चौरस मिलिमीटरची होती, तरी संध्याकाळी वाड्यांतले पंप सुरू झाले की मीटर 190 व्होल्टवर येई, म्हणून प्लगवर चालणारा चार्जर 10 अँपिअरवर ठेवून बॅटरी रात्री उशिरा भरली. पाणी विहिरीचे, फडक्यातून गाळून टाकीत घेतले. कॅसेट टॉयलेट, म्हणजे मैल्याची टाकी बाहेर काढता येणारे गाडीतले शौचालय, घराच्या सेप्टिक टाकीत रिकामे करायचे असेल, तर त्यात फॉर्मॅल्डिहाइडचे निळे रसायन मुळीच घालू नये. टाकीतले जिवाणू मरतात आणि त्याचा त्रास आपण निघून गेल्यावर घरच्यांना होतो.

आत्याचा मुख्य आक्षेप तांत्रिक नव्हताच. “अगो, घर एवढं थोरलं असताना डब्यात कसली निजतेस?” हे तिने पहिल्या संध्याकाळी विचारले आणि रोज विचारत राहिली. जेवायला घरात, निजायला गाडीत, अशी तडजोड झाली. गाडीतला ओटा जवळजवळ वापरलाच गेला नाही, कारण तिच्या हातचे कुळथाचे पिठले आणि भात सोडून गाडीत काही शिजवणे म्हणजे तिचा अपमान होता. मात्र तिने गाडी बारकाईने पाहिली आणि फळीला कठडा नाही, वळणावर डबे खाली येतील, हे क्षणात ओळखले. तवसाळच्या उतारावर मेतकुटाचा डबा खाली आला.

मालगुंडला काही विशेष घडले नाही. अंगण मोकळे, ऊन भरपूर, पॅनेलनी दोन दिवसांची तूट भरून काढली.

आता पुढची कामे. छतावर तिसरे पॅनेल बसवण्याचा विचार सोडला आहे. त्याऐवजी घडीचे 120 वॉटचे पॅनेल आणि दहा मीटर तार घेणार आहे, म्हणजे गाडी सावलीत ठेवून पॅनेल खळ्याच्या कोपऱ्यात, सुपारीच्या शेजारी टेकवता येईल. तार थोडी जाड, 6 चौरस मिलिमीटरची घ्यावी, नाहीतर 12 व्होल्टला एवढ्या अंतरात बरीच घट होते. मागच्या बंपरखाली घसरणारी लोखंडी चाके लावून घ्यायची आहेत. आणि फळीला तीन बोटे उंचीचा सागवानी कठडा, ज्याचे लाकूड आत्याने माळ्यावरून काढून गाडीत टाकूनच दिले आहे.